आंबवणाला त्याचा वेळ द्या

सोनारीहून एका ताईंनी विचारलं आहे : घरी सावरडो ब्रेड शिकतेय. स्टार्टर (पीठ-पाण्याचं आंबवण) तिसऱ्याच दिवशी फसफसून वर आला, पण वास घाण येतो. वापरू का? आणि सासऱ्यांना मधुमेह आहे, त्यांना हा ब्रेड चालेल का?

ताई, इतक्यात वापरू नका. पीठ-पाणी कालवून ठेवलं की पहिले दोन-तीन दिवस पिठातले भलतेच जिवाणू जोर धरतात आणि वायू सोडतात. ती फुगवट यीस्टची नसते. मिश्रण आंबट होत गेलं की ते मागे पडतात. लॅक्टिक आम्ल तयार करणारे जिवाणू आणि पिठातलंच यीस्ट तग धरतात. मधे काही दिवस बरणीत हालचालच दिसत नाही आणि नवशिके नेमके तेव्हाच सगळं ओतून देतात. तसं करू नका. रोज थोडं ठेवून बाकीचं काढा, ठेवलंय तेवढ्याच वजनाचं पीठ आणि तेवढंच पाणी घाला. एक-दोन आठवड्यांत ताकासारखा आंबूस वास येईल. पीठ घातल्यावर 4 ते 8 तासांत ते दुप्पट व्हायला लागलं आणि हे लागोपाठ दोन-तीन दिवस दिसलं, की ब्रेडला घ्या. आपल्या उन्हाळ्यात ते भराभर आंबतं, तेव्हा दिवसातून दोनदा पीठ घाला. तयार झाल्यावर फ्रीजमध्ये ठेवलं तर आठवड्यातून एकदा पुरतं.

वर राखाडी पाणी साचलं तर घाबरू नका, पीठ कमी पडलंय एवढंच. पण गुलाबी-नारिंगी छटा किंवा बुरशीची लव दिसली तर अख्खं फेका. वरचा थर काढून खालचं वापरणं धोक्याचं, कारण बुरशीची काही विषं भाजल्यानंतरही टिकतात. कच्चं पीठ चाखू नका, मुलांनाही देऊ नका. त्यात ई. कोलाय, साल्मोनेला असू शकतात.

आता सासऱ्यांचं. आंबवल्यामुळे रक्तातली साखर काहीशी सावकाश चढते, तरी मैद्याचा ब्रेड मैद्याचाच राहतो. कणकेचा करा. एक-दोन काप, तेही भाकरीच्या जागी, उसळीबरोबर द्या. दोन तासांनी साखर तपासा, औषधाचा डोस मात्र स्वतःहून बदलू नका. मिठाकडेही लक्ष हवं : 500 ग्रॅम पिठाला साधारण 10 ग्रॅम मीठ पडतं आणि जागतिक आरोग्य संघटना दिवसाला 5 ग्रॅमच्या आत राहायला सांगते. सिलियाक आजार असलेल्यांनी गव्हाचा सावरडो खाऊच नये, त्यात ग्लुटेन उरतंच.

ब्रेड नाही जमला तर खंत नको. आपल्या धाराशिव-लातूरकडे येळवशीच्या सणाला ज्वारीचं पीठ ताकात आंबवून आंबील होते, तिथेही हेच लॅक्टिक जिवाणू राबतात. आंबवल्याने धान्यातलं फायटिक आम्ल कमी होतं, म्हणून लोह आणि जस्त अंगी जास्त लागतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (2019-21) देशातल्या 15 ते 49 वयाच्या 57 टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. मला तर आंबील सणापुरती ठेवणं परवडणारं वाटत नाही. ज्वारीत ग्लुटेन नसल्याने नुसत्या ज्वारीचा ब्रेड फुगत नाही, पण कणकेत पाचवा हिस्सा ज्वारीचं पीठ खुशाल मिसळा.

आणि हा ब्रेड चहात बुडवून खाऊ नका. चहा लोह अडवतो. तो तासाभराने घ्या, ब्रेडबरोबर लिंबू पिळलेली मटकीची उसळ खा.