जुनं एव्हिनरूड घेण्याआधी

पुतण्या, कुंभारगावला येणाऱ्या पाहुण्यांना पक्षी दाखवायला तुला मोटार लावलेली होडी हवीय. मुंबईत दारूखान्याच्या भंगारात तुला कुणी जुनं एव्हिनरूड दाखवलंय, पंचवीस हॉर्सपॉवरचं, नव्याच्या निम्म्याहून कमी भावात. घेऊ का, असं विचारलंस. कंपनी बंद पडलीय एवढ्यावरून नाही म्हणू नकोस आणि नाव मोठं आहे एवढ्यावरून हो म्हणू नकोस. त्या नावाची मोटार कुठल्या सालची आहे यावर सगळं अवलंबून आहे, म्हणून थोडं मागचं सांगतो.

ओले एव्हिनरूड नॉर्वेत जन्मला आणि लहानपणीच घरच्यांबरोबर अमेरिकेत विस्कॉन्सिनला आला. तळ्याकाठच्या सहलीत होणाऱ्या बायकोसाठी आइस्क्रीम आणायला तो वल्हवत गेला, परत येईस्तोवर ते वितळलं आणि तिथून मोटारीचं त्याच्या डोक्यात आलं, अशी हकिकत सांगतात. १९०९ साली मिलवॉकीत मोटार विकायला सुरुवात झाली. ताकद दीड हॉर्सपॉवर, वजन ६२ पौंड, किंमत ६२ डॉलर. होडीच्या मागं टांगायची मोटार त्याच्याआधी कॅमेरॉन वॉटरमन यानंही काढली होती. पण साध्या माणसाच्या होडीपर्यंत ती नेली ओलेनं, आणि धंद्याची सगळी बाजू सांभाळणाऱ्या त्याच्या बायकोनं, बेसनं.

तुझ्या कामाचं साल पुढचं, १९३६. त्या वर्षी एव्हिनरूड आणि जॉन्सन या दोन कंपन्या एका छताखाली आल्या आणि पुढं आउटबोर्ड मरीन कॉर्पोरेशन, म्हणजे ओएमसी, या नावानं ओळखली गेलेली कंपनी उभी राहिली. पुढं पुढं दोन्ही मोटारी आतून एकच झाल्या, रंग आणि वरचं टोपण तेवढं वेगळं. त्यामुळं एव्हिनरूडचं सामान मिळत नाही असं कुणी म्हणालं तर त्याच सालच्या, त्याच ताकदीच्या जॉन्सनचं माग. पिस्टन रिंग, कार्बोरेटरचा किट, पाण्याच्या पंपाचं रबर, सगळं बसतं.

१९९० च्या दशकात अमेरिकेत धुराचे नियम कडक झाले. जुनी टू-स्ट्रोक मोटार पाव हिश्श्याहून जास्त पेट्रोल न जाळताच पाण्यात सोडते, आणि ते खरंच वाईट आहे. नियमात बसायला ओएमसीनं फिश्ट नावाचं इंजेक्शन आणलं. घाईनं आणलं. त्या पहिल्या मोटारींचे पिस्टन जळाले, गिऱ्हाईक तुटलं आणि डिसेंबर २००० मध्ये कंपनीनं दिवाळं जाहीर केलं. २००१ मध्ये कॅनडाच्या बॉम्बार्डिये कंपनीनं ती नावं विकत घेतली, काही वर्षांत ई-टेक नावाची सुधारलेली टू-स्ट्रोक आणली. २००७ ला जॉन्सनचं नाव बंद केलं आणि मे २०२० मध्ये एव्हिनरूडचंही उत्पादन थांबवलं. तोवर सगळं जग यामाहा, सुझुकी, मर्क्युरीच्या फोर-स्ट्रोककडं गेलं होतं.

यातून तुझ्यापुरतं एवढं धर. कार्बोरेटरवाली दोन सिलिंडरची मोटार, १९६० च्या दशकापासून १९९० च्या दशकापर्यंतची, डोळे उघडे ठेवून घ्यायला हरकत नाही. पाना, प्लग आणि थोडी अक्कल एवढ्यावर ती आपल्याकडं दुरुस्त होते, आणि एखादं बुश किंवा पिन लागली तर बारामती एमआयडीसीतला लेथवाला करून देतो. फिश्टच्या वाटेला जाऊच नकोस. ई-टेक चांगली मोटार आहे, पण तिचा दोष शोधायला कंपनीचं सॉफ्टवेअर आणि ते चालवणारा माणूस लागतो. भिगवणच्या काठावर तो कुठून आणणार?

साल ओळखायचं कसं ते सांगतो, विकणारा सांगेल त्यावर जाऊ नकोस. क्लॅम्पजवळ एक पट्टी असते, तिच्यावर मॉडेल नंबर. १९८० नंतरच्या मोटारींत साल इंग्रजी अक्षरांत दडवलेलं आहे. आय म्हणजे १, एन २, टी ३, आर ४, ओ ५, डी ६, यू ७, सी ८, ई ९ आणि एस म्हणजे शून्य. नंबरातलं अगदी शेवटचं अक्षर सोडून दे आणि त्याच्या आधीची दोन वाच. सी-ओ असेल तर १९८५, ई-एन असेल तर १९९२. पट्टीच उखडलेली असेल तर सौदा तिथंच सोड.

आणि पंचवीस कशाला हवीय तुला? फुल्ल मारलीस तर तासाला नऊ-दहा लिटर पेट्रोल पिते ती. सहा माणसं घेऊन संथ फिरायला ९.९ किंवा १५ ची पुष्कळ झाली. १९७४ पासूनची ९.९ ही त्यांची फार भरवशाची मोटार, तीच शोध.

मुंबईकडची मोटार खाऱ्या पाण्यात चाललेली असते. ॲल्युमिनियमवर पांढरी भुकटी दिसली, डोक्याचे बोल्ट गंजून बसलेले दिसले, तर आतले पाण्याचे रस्तेही मिठानं चोंदलेले समज. मग दोन्ही प्लग काढून कॉम्प्रेशन गेज लाव. आकडा किती यापेक्षा दोन्ही सिलिंडरांत फरक किती ते बघ. दहा टक्क्यांच्या वर फरक असेल तर मोटार उघडावीच लागेल. खालच्या गिअरबॉक्सचा तळाचा स्क्रू थोडा सैल कर. तेल दुधासारखं पांढरट आलं तर सील गेलंय आणि आत पाणी शिरलंय. नुसतं पाणीच आधी आलं तर हात जोडून निघ. शेवटी शाफ्टची लांबी मोज. १५ इंची आणि २० इंची असे दोन प्रकार असतात. आपल्या होडीची मागची फळी बुटकी आहे, २० इंची लावलीस तर पंखा गाळात रुतेल.

मोटार कधीही कोरडी चालवून दाखवू देऊ नकोस. दोनशे लिटरच्या पिंपात पाणी भर, पंखा बुडव आणि मग दोरी ओढ. मागून पाण्याची धार आली पाहिजे. ही धार म्हणजे मोटारीची नाडी. होडीवर असतानाही दर काही मिनिटांनी मान वळवून धार बघायची सवय लाव. धार बारीक झाली की लगेच बंद कर. आत एक रबराची चकती असते, इंपेलर म्हणतात तिला, तीच पाणी वर चढवते. आपल्या उजनी धरणाच्या गाळानं तिच्या पाकळ्या झिजतात. दर हंगामाच्या सुरुवातीला नवी टाक, जुनी दिसायला बरी असली तरी. सिएरा नावाची अमेरिकन कंपनी या जुन्या मोटारींचे किट अजून बनवते. दोन मागव, एक होडीतच ठेव.

आपलं पाणी वरून गुळगुळीत दिसतं, पण खाली गावं आहेत. १९८० च्या सुमारास धरण भरलं तेव्हा पळसदेवसारखी गावं बुडाली. उन्हाळ्यात पातळी उतरली की पळसनाथाचं देऊळ वर येतं, आणि देवळाच्या आधी वर येतात बाभळीचे बुंधे, विहिरींचे काठ, पडक्या भिंती. धरण उणे टक्क्यांत गेलं की कालची वाट आज चालत नाही. अशा ठिकाणी पंखा आपटतो. लहान आणि जुन्या मोटारींत पंख्याला एक मऊ धातूची शिअर पिन असते, ती तुटते म्हणून गिअर वाचतो. पिन तुटली की लोखंडी खिळा ठोकून काम भागवणारे काठावर भेटतील. त्यांचं ऐकू नकोस. पुढच्या आपटीला पिनेऐवजी गिअर जाईल, आणि त्या सालचा गिअर आता शोधून सापडत नाही. चार पिना आणि पक्कड कापडात गुंडाळून मोटारीच्या टोपणाखाली बांधून ठेव. मोठ्या मोटारींत पिनेऐवजी पंख्याच्या आत रबराचं बुश असतं. ते घसरलं की इंजिन ओरडतं पण होडी पुढं सरकत नाही.

जलपर्णीत शिरलास तर आधी इंजिन बंद कर, मग मोटार वर उचल आणि हातानं मुळ्या काढ. जाळ्याची दोरीही अशीच काढायची. नायलॉन शाफ्टला गुंडाळला गेला तर पंखा उतरवून आतपर्यंत बघ, कारण सील कापतो तो हाच.

आता पेट्रोल. आपल्याच ऊसपट्ट्यातलं इथेनॉल आता पंपावरच्या पेट्रोलात वीस टक्क्यांपर्यंत मिसळतं. या मोटारी फार तर दहा टक्क्यांच्या. जुन्या रबरी नळ्या आणि पेट्रोल पंपाचा पडदा त्यानं फुगतो, मऊ पडतो. घेतल्याबरोबर सगळ्या नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या टाक. शिवाय हे पेट्रोल हवेतलं पाणी ओढतं आणि ते पाणी तळाला बसतं. आठवडाभर पडून राहिलेलं पेट्रोल काचेच्या बाटलीत घेऊन उजेडात धर. खाली वेगळा थर दिसला तर ते मोटारीत घालू नकोस.

तेल पन्नासाला एक, लिटरमागं २० मिली. १९६४ च्या आधीच्या बहुतेक मोटारींना याच्या दुपटीनं लागतं. १९८० च्या दशकाच्या मध्याला कंपनीनं काही मॉडेलांवर शंभराला एक असं छापलं होतं, पुढं तिनंच ते बदललं. तुझ्या मोटारीवर तसं स्टिकर दिसलं तरी पन्नासाला एकच घाल. आणि स्कूटरचं टू-टी नको, डब्यावर टीसी-डब्ल्यू ३ लिहिलेलं घे. पाण्यावर थंड होणाऱ्या मोटारीत स्कूटरच्या तेलाची राख प्लगवर आणि रिंगांत साचते.

पक्ष्यांचं तुला मी सांगायला नको. रोहित दिसले की दुरूनच मोटार बंद कर आणि बांबूनं ढकलत जा. न जळलेलं पेट्रोल ज्या उथळ पाण्यात सुटतं, त्याच गाळात त्यांचं खाणं असतं. आणि हेच पाणी पुढं सोलापूरकरांच्या नळाला जातं. म्हणून माझं मत विचारशील तर ही जुनी मोटार एक-दोन हंगामांपुरती ठेव. हातात पैसा आला की फोर-स्ट्रोक घे आणि हिला अडीअडचणीसाठी राखून ठेव.

२१ मे २०२४ ची कळाशीची होडी आपल्या भागात कुणी विसरलेलं नाही. कुगावाहून येताना वादळी वाऱ्यात ती उलटली आणि सहा जीव गेले. वळवाच्या दिवसांत दुपारनंतर पश्चिमेला आभाळ काळवंडलं की कितीही पाहुणे काठावर थांबलेले असोत, होडी सोडायची नाही. जॅकेट घातल्याशिवाय कुणाला चढू द्यायचं नाही, लहान पोराला त्याच्या मापाचं. दोन वल्ही आणि बांबू कायम आत. मोटार क्लॅम्पनं घट्ट असली तरी एक साखळी तिच्यातून काढून होडीच्या कडीला बांध, कारण थरथरीनं क्लॅम्प सैल होतात आणि निखळलेली मोटार गाळात गेली की सापडत नाही. ती निखळताना मागं बसलेल्यालाही घेऊन जाऊ शकते.

पावसाळ्यात होडी वर ओढशील तेव्हा पेट्रोलची नळी सोडून मोटार आपोआप बंद पडेपर्यंत चालव, म्हणजे कार्बोरेटर रिकामा होईल. पिंपातच चालव, धार बघत. मग प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर तेल सोड, दोरी दोन-तीनदा हळू ओढ, गिअरचं तेल बदल आणि मोटार उभीच टांग, आडवी ठेवू नकोस. वर गोणपाट टाक. प्लास्टिक टाकलंस तर आत घाम धरतो.