छातीवरची रिकामी जागा

"बाबा, यांच्या जर्सीवर कंपनीचं नावच नाहीये!"

10 सप्टेंबर 2025. दुबईत आशिया कपमधला भारताचा पहिला सामना, समोर यूएई. आमचे चिरंजीव, वय वर्षं चौदा, सोफ्यावर आडवे पडून बघत होते. निळ्या जर्सीवर छातीवर फक्त देशाचं नाव, बाकी कोरं.

"का नाही, सांग बघू?" मी म्हणालो.

झालं. गडी गप्प. आपण पालक इथंच माती खातो. मूल गप्पा मारायला येतं आणि आपण तोंडी परीक्षा सुरू करतो. मला कारण माहीत होतं, त्याला माहीत आहे का ते मला बघायचं होतं. ते त्याला बरोबर कळलं.

सामन्यानं मात्र मला वाचवलं. यूएई 57 धावांत गारद, आणि आपल्या पोरांनी 27 चेंडूंत सामना खिशात घातला. झोपायला वेळ होता, मोबाइल चार्जिंगला होता. मी परीक्षकाची खुर्ची सोडली आणि सरळ सांगायला बसलो.

पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा ऑगस्टमध्ये झाला. 20 तारखेला लोकसभेत, 21 ला राज्यसभेत, 22 ला राष्ट्रपतींची सही. तीन दिवसांत खेळ खलास. जर्सीवर नाव होतं ड्रीम इलेव्हनचं, 2023 पासून तीन वर्षांसाठी 358 कोटींचा करार. धंदाच बंद झाल्यावर नाव कशाला मिरवायचं? गेले ते.

"त्याआधी बायजूज होतं ना?" तो उठून बसला. त्याच्या वर्गातली निम्मी मुलं त्या जाहिराती बघत मोठी झालेली. मग बायजूजची गोष्ट निघाली. थकलेल्या सुमारे 158 कोटींसाठी क्रिकेट बोर्डानं दिवाळखोरीची दाद मागितली आणि जुलै 2024 मध्ये कंपनी कायदा न्यायाधिकरणानं ती दाखलही करून घेतली. "म्हणजे बोर्डालाही उधारी मागत फिरावं लागतं?" त्याला फार मजा वाटली. त्याच्याही आधी सहारा. वर्षानुवर्षं धोनी, सचिन, सगळ्यांच्या छातीवर तेच नाव. 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं गुंतवणूकदारांचे हजारो कोटी परत करायला सांगितलं आणि 2014 मध्ये सहाराप्रमुखांना अटक झाली.

"ती जागाच पनवती आहे," चिरंजीवांचा निकाल. मी म्हटलं, पनवती वगैरे काही नाही. ज्या धंद्यात अचानक पैसा वाहतो त्याला सगळ्यात महागडी जागा विकत घ्यावीशी वाटते. आपल्याकडे सगळ्यात महागडी जागा म्हणजे क्रिकेटपटूची छाती. अर्थशास्त्राचं कुठलंही पुस्तक उघडून मला हे इतकं सोपं सांगता आलं नसतं, हे कबूल करतो.

आणि मग त्यानं, उशीचा कोपरा चावत, विचारलं, "त्या कायद्यात खेळणाऱ्यालाही पकडतात का?"

या प्रश्नाचा आवाज वेगळा होता. बातमीबद्दलचा प्रश्न आणि स्वतःबद्दलचा प्रश्न, दोन्हींचे शब्द तेच असले तरी आवाज वेगळा असतो. मी आधी कायद्यातलं तेवढं सांगितलं. खेळणाऱ्याला शिक्षा नाही, कायदा त्याला फसलेला समजतो. खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड. ऐकून त्यानं श्वास सोडला. मग हळूहळू बाहेर आलं. आतेभावाच्या फोनवरून, आतेभावाच्या खात्यातून, आयपीएलच्या दिवसांत साहेब टीम लावत होते. कधी 49 रुपये, कधी 99. आजीनं वाढदिवसाला दिलेले पैसे संपले, वर सातशे रुपये आतेभावाची उधारी.

माझा हात वर गेला नाही, पण आवाज गेला. अभ्यास, संस्कार, आजीचे पैसे, सगळं एका दमात निघणार होतं. स्वयंपाकघरातून बायको म्हणाली, "अरे, त्याचं पूर्ण तरी होऊ दे." एवढ्या एका वाक्यावर ती रात्र तरली.

कारण मला माझे वडील, अण्णा, आठवले. 1996 ला मी त्याच्याएवढाच होतो आणि आपल्याकडच्या विश्वचषकाचं नाव होतं विल्स वर्ल्ड कप. मी अण्णांना विचारलं होतं, "विल्स म्हणजे काय हो?" अण्णा सकाळचा पेपर पहिल्या पानापासून अग्रलेखापर्यंत वाचत, खेळाचं शेवटचं पान मात्र आधी मला देत. माणूस प्रेमळ. पण ते म्हणाले, "गणिताचा पेपर आहे ना उद्या?" मग विल्स म्हणजे काय ते मला चौकातल्या पानटपरीवर कळलं, पाकीट हातात घेऊनच कळलं. पुढचं इथं लिहीत नाही, हे मासिक घरातही वाचलं जातं. तंबाखूच्या जाहिराती आणि प्रायोजकत्वावर बंदी घालणारा कायदा 2003 मध्ये आला. तोवर माझं शिक्षण पूर्ण झालं होतं.

तेव्हा त्या रात्री मी वही काढली. समजा शंभर जणांनी पन्नास-पन्नास घातले, तर जमले पाच हजार. कंपनी आपला वाटा आधी काढणार. समजा बक्षिसाला उरले चार हजार. मग शंभर जणांनी मिळून खेळायच्या आधीच किती गमावले? "हजार," तो म्हणाला. थोडा वेळ वहीकडे बघत राहिला आणि म्हणाला, "म्हणजे कोण जिंकणार ते ठरलेलंच होतं." हे वाक्य मी त्याला शिकवलेलं नाही.

सातशे रुपये मी लगेच भरले नाहीत. भरले असते तर मला मोठेपणा मिळाला असता, त्याला काही नाही. खाऊच्या पैशांतून महिन्याला शंभर, असं ठरलं. आतेभावाच्या आईवडिलांना मी फोन केला, आणि करणार आहे हे त्याला आधी सांगून केला.

16 सप्टेंबरला जर्सीसाठी अपोलो टायर्सचं नाव जाहीर झालं. ही बातमी त्यानं मला सांगितली. आता पेपरातलं बाजाराचं पानही तो चाळतो. रोज नाही, उगाच का सांगा. बरेच दिवस आमचं बोलणं "जेवलास का" आणि "हो" एवढ्यावरच आटोपतं. सामना असला की मात्र मी हातातलं काम ठेवून जाऊन बसतो. स्कोअर विचारतो, दुसरं काही विचारत नाही.

उधारीचा शेवटचा हप्ता एप्रिलमध्ये गेला. हिशेबाची वही त्याच्याकडे आहे. मी ती बघायला मागितलेली नाही.