इटलीच्या द्राक्षपट्ट्यातील हंगामी जत्रा, चवपरीक्षा व शेतमुक्काम



द्राक्षाचा घड बागेतून निघाला की त्याचा भाव बहुधा दुसराच कोणी ठरवितो, हा अनुभव आपणास नवा नाही. वायव्य इटलीतील पिडमाँट प्रांतात लांगे नावाचा डोंगराळ द्राक्षपट्टा आहे. तेथील लहान बागायतदारांनीही अनेक पिढ्या हेच सोसले. माल नाशवंत आणि बागा लहान. त्यामुळे काढणीच्या दिवसांत व्यापारी सांगेल त्या भावाला द्राक्षे द्यावी लागत. १९५८ साली बार्बारेस्को गावच्या धर्मगुरूंनी १९ लहान बागायतदारांना एकत्र आणून सहकारी वाईनरी सुरू केली. पहिल्या काही हंगामांची वाईन चर्चच्या तळघरातच तयार झाली. ती संस्था आजही चालू आहे.

आज याच पट्ट्यात शनिवार-रविवारी तुरिन व मिलान या शहरांतून, तसेच परदेशांतूनही माणसे येतात. ती बाग पाहतात, वाईन चाखतात, गावच्या जत्रेत जेवतात, रात्री शेतावर मुक्काम करतात आणि परतताना गाडीत खोकी भरून नेतात. गिऱ्हाईक बागायतदाराच्या दारी आले. ते कसे आले व त्यासाठी कोणते नियम पाळावे लागतात, ते या लेखात पाहू.

विश्वास गेला तेव्हा

१९८६ च्या मार्च महिन्यात इटलीत भेसळीच्या वाईनमुळे माणसे दगावू लागली. वाईनचा कडकपणा स्वस्तात वाढविण्यासाठी तिच्यात मिथेनॉल हे विषारी रसायन मिसळले होते. वीसहून अधिक माणसे मेली, काहींची दृष्टी गेली. भेसळीचे एक मुख्य केंद्र लांगे पट्ट्यातच निघाले. गुन्हा मूठभरांचा होता, पण झळ सर्वांना बसली. परदेशांनी माल अडविला, निर्यात घसरली आणि ज्याने आयुष्यात कधी भेसळ केली नाही त्याच्याही बाटलीकडे लोक संशयाने पाहू लागले.

यावर नुसती जाहिरात पुरेशी नव्हती. १९८७ मध्ये द्राक्ष पिकविणाऱ्या गावांच्या नगरपालिकांनी एकत्र येऊन ‘चित्ता देल विनो’ म्हणजे ‘वाईनची गावे’ ही संघटना स्थापन केली. १९९३ मध्ये वाईन उत्पादकांनी ‘कांतिने आपेर्ते’ म्हणजे ‘उघडी तळघरे’ हा उपक्रम सुरू केला. मे महिन्याच्या अखेरच्या शनिवार-रविवारी सहभागी वाईनऱ्या आपली दारे सर्वांसाठी उघडतात. घड कोठे पिकतो, रस कोठे आंबतो, पिंपे कोठे ठेवली आहेत, हे ज्याला पाहावयाचे त्याने येऊन पाहावे. भेसळीने घालविलेला विश्वास परत मिळविण्याचा हा एक मार्ग ठरला.

डहाळी लावलेले घर

शेतकऱ्याने आपल्या घरी वाईन विकण्याची प्रथा मात्र त्याहून फार जुनी आहे. ईशान्य इटलीत त्रिएस्ते शहरालगत कार्सो हे खडकाळ पठार आहे. १७८४ मध्ये, हा मुलूख ऑस्ट्रियाच्या अमलाखाली असताना, सम्राट दुसरा जोसेफ याने शेतकऱ्यांना आपल्या घरी आठ दिवस स्वतःची वाईन विकण्याची मुभा दिली. तेथील स्लोव्हेन भाषेत आठाला ‘ओसेम’ म्हणतात. त्यावरून अशा घरांना ‘ओस्मित्सा’ नाव पडले.

आजही कार्सोच्या रस्त्यांवर हिरव्या पानांची डहाळी टांगलेली दिसली की जवळ कोठेतरी ओस्मित्सा उघडे आहे असे समजावे. अंगणातील लाकडी बाकांवर बसावयाचे. घरची वाईन, घरच्या डुकराचे खारविलेले मांस, चीज आणि उकडलेली अंडी एवढेच मिळते. वर्षातील ठराविक दिवस संपले की डहाळी उतरते आणि शेतकरी आपल्या कामाला लागतो. अंगण हॉटेल होत नाही, ते शेतकऱ्याचे अंगणच राहते.

हंगामाप्रमाणे जत्रा

इटलीत गावच्या जत्रेला ‘सग्रा’ म्हणतात. ती बहुधा एखाद्या पिकाची किंवा पदार्थाची असते. भरविण्याचे काम गावोगावच्या ‘प्रो लोको’ या स्वयंसेवी मंडळांकडे असते. चूल पेटविण्यापासून ताटे धुण्यापर्यंतची कामे गावकरीच करतात. वर्षाचा क्रम साधारण असा :

१) मार्च ते जून : द्राक्षवेलीला फूट येण्याचे व वेल वाढीचे दिवस. व्हेनेतो प्रांतात कोनेल्यानो व वाल्दोब्यादेने या गावांदरम्यान प्रोसेको वाईनचा डोंगराळ पट्टा आहे. तेथे वसंतात एकेक गाव पाळीपाळीने वाईनचे प्रदर्शन भरविते. या पट्ट्यात १९६६ मध्येच ‘वाईनचा रस्ता’ आखून प्रवाशांना बागांतून नेण्याची सोय केली होती.

२) एप्रिलअखेर : २५ एप्रिल व १ मे या सुट्ट्या धरून आल्बा या लांगेच्या मुख्य गावी वाईनचा मेळा भरतो.

३) १० ऑगस्ट : संत लोरेन्झोची रात्र. या सुमारास आकाशात उल्का अधिक दिसतात. गावचौकांत व बागांत ताऱ्यांखाली वाईन चाखण्याचे कार्यक्रम होतात.

४) ऑगस्टचा अखेरचा रविवार : तोस्काना प्रांतातील मोंतेपुल्चानो गावात आठ वाड्यांचे तरुण सुमारे ८० किलोची पिंपे चढाच्या गल्ल्यांतून ढकलत नेण्याची शर्यत लावतात.

५) सप्टेंबर : आस्ती शहरात १९७४ पासून सग्रांचा मोठा उत्सव भरत आला आहे. भोवतालच्या सुमारे ४० गावांची मंडळे जुना शेतकरी पोशाख व अवजारे घेऊन मिरवणूक काढतात आणि प्रत्येक गाव आपला ठरलेला पदार्थ रांधते. फ्लॉरेन्सजवळच्या इम्प्रुनेता गावी १९२६ पासून द्राक्षोत्सव होतो.

६) ऑक्टोबर : रोमजवळच्या मरीनो गावी १९२५ पासून पहिल्या रविवारी द्राक्षजत्रा भरते आणि कारंज्यातून पाण्याऐवजी वाईन वाहते. २००८ साली नळजोडणीत चूक होऊन ती वाईन काही घरांच्या नळांतच आली होती. याच महिन्यापासून आल्बात पांढऱ्या ट्रफलची जत्रा सुरू होते व डिसेंबरच्या सुरुवातीपर्यंत चालते. ट्रफल ही झाडांच्या मुळांशी जमिनीखाली वाढणारी, भूछत्राच्या जातीची सुगंधी बुरशी होय. ती शिकविलेल्या कुत्र्यांकडून हुडकतात. बाजारात मांडण्यापूर्वी जाणकार तिची तपासणी करतात, म्हणून चढा भाव देणारा गिऱ्हाईकही निर्धास्त असतो.

७) ११ नोव्हेंबर : संत मार्टिनचा दिवस. या सुमारास नवी वाईन प्रथम चाखण्याचा प्रघात आहे. उत्तरेकडील दक्षिण टिरोल भागात शरदात लोक पायी एका शेतघरापासून दुसऱ्याकडे जात नवी वाईन व भाजलेले चेस्टनट खातात.

या यादीतील एक गोष्ट ध्यानात घ्यावी. जत्रेची तारीख पिकाच्या आणि गावच्या सणांच्या मागे चालते. नव्या वाईनची जत्रा वाईन तयार झाल्याखेरीज भरत नाही. लांगेत मोस्कातो ही गोड जात आधी काढणीला येते, पुढे दोल्चेतो व बार्बेरा, आणि नेब्बिओलो बहुधा ऑक्टोबरमध्ये सर्वांत शेवटी. या धांदलीत पुष्कळ लहान बागायतदार पाहुणे घेत नाहीत किंवा वेळ ठरवूनच घेतात.

चव कशी घेतात

चवपरीक्षा म्हणजे पिण्याची मेजवानी नव्हे. पेल्यात दोन-तीन घोटच ओततात. प्रथम पांढऱ्या कापडावर पेला तिरपा धरून रंग पाहतात, मग पेला फिरवून वास घेतात आणि शेवटी घोट तोंडात घोळवितात. जवळच थुंकण्याचे भांडे ठेवलेले असते आणि त्याचा वापर करण्यात कोणासही संकोच वाटत नाही. हलकी वाईन आधी, भारी नंतर. कोरडी आधी, गोड शेवटी. मध्ये साधा पाव व पाणी. वाहन चालविणाऱ्याने तर थुंकलेच पाहिजे.

खरे काम बागायतदाराच्या बोलण्याने होते. नेब्बिओलोपासून बनणारी बारोलो वाईन किमान ३८ महिने, त्यांपैकी १८ महिने लाकडी पिंपात, मुरवावी लागते. हा नियम कागदावर वाचून गिऱ्हाईकाला किंमत पटत नाही. पण थंड तळघरात तीन वर्षांची पिंपे ओळीने पाहिली, आणि ‘या पिंपातील पैसा मला अजून मिळायचा आहे’ असे बागायतदाराच्या तोंडून ऐकले, की बाटलीची किंमत त्याला आपोआप समजते.

शेतमुक्काम आणि कायदा

इटलीत शेतावरील मुक्कामाला ‘अग्रितुरिस्मो’ म्हणतात. त्यासाठी देशपातळीवरील पहिला कायदा १९८५ मध्ये झाला. सध्याचा कायदा २००६ चा आहे. आज देशात अशी २५ हजारांहून अधिक शेतघरे आहेत. कायद्यातील मुख्य अटी आपण समजून घेण्याजोग्या आहेत.

अ) हा व्यवसाय शेतकऱ्यानेच करावयाचा. शेती मुख्य, पाहुणचार तिला जोडून. एका वेळी दहापर्यंत पाहुणे असतील तर शेतीच मुख्य आहे असे कायदा गृहीत धरतो. त्यापुढे प्रांताच्या नियमांप्रमाणे ते दाखवून द्यावे लागते.

आ) शेतावर पूर्वीपासून असलेल्या इमारतीच वापरता येतात. जुना गोठा, कोठार, घराचा वरचा मजला यांची दुरुस्ती करून खोल्या काढतात.

इ) पानात स्वतःच्या शेतातील मालाचा लक्षणीय वाटा असला पाहिजे. उरलेलाही शक्यतो आसपासच्या शेतकऱ्यांचा. त्यामुळे एका घरी उतरलेल्या पाहुण्याचा पैसा शेजारच्या दूधवाल्यापर्यंत व भाजीवाल्यापर्यंत पोहोचतो.

बाग व तळघर दाखविण्यासाठी २०१९ मध्ये स्वतंत्र नियम झाले. आठवड्यातून किमान तीन दिवस दार उघडे असावे, प्रवेशाशी वेळा लिहिलेली पाटी असावी, माहिती किमान तीन भाषांत द्यावी, दाखविणारा माणूस प्रशिक्षित असावा, अशा त्यातील काही अटी आहेत. पाहुण्यांना काढणीचा अनुभव देता येतो, मात्र तो शिकण्यापुरता. मजुरांची जागा पाहुण्यांनी घ्यावी, असा त्याचा अर्थ नाही.

दुसरी बाजू

सर्वच गोड आहे असे समजू नये. २०१४ मध्ये लांगे, रोएरो व मोन्फेरातो येथील द्राक्षभूमीला युनेस्कोच्या जागतिक वारशाचा मान मिळाला. नावलौकिक वाढला तशी जमीनही महागली. बारोलोतील नामांकित बागांचा भाव हेक्टरी दहा लाख युरोच्या वर गेला आहे. बापाची जमीन असलेला तरुण टिकतो, पण नव्याने बाग घेऊ पाहणाऱ्यास ते अशक्यप्राय झाले आहे. वारसांत वाटणी करताना एकाने दुसऱ्याचा हिस्सा विकत घेणेही जड जाते. हंगामात अरुंद रस्त्यांवर मोटारींची गर्दी होते ती वेगळीच. ज्या पाहुण्याने भाव मिळवून दिला, त्याच्याच येण्याने जमीन हाताबाहेर जाऊ शकते, हे विसरू नये.

आपण काय घ्यावे

आपली व त्यांची परिस्थिती एक नाही. तेथे हिवाळ्यात एकदा छाटणी व शरदात पीक. आपल्याकडे एप्रिल व ऑक्टोबर अशा दोन छाटण्या आणि जानेवारी ते मार्च हा काढणीचा मुख्य हंगाम. वाईन तयार करणे व विकणे यांसाठी राज्य उत्पादन शुल्क विभागाचा परवाना लागतो, म्हणून ओस्मित्साची नक्कल येथे करता येणार नाही. परंतु खाण्याची द्राक्षे, बेदाणा व ताजा रस यांची चव देण्यास कोणाची आडकाठी आहे? हुरड्याचे आमंत्रण देण्याची रीत आपल्या गावांत जुनीच आहे. तिचे व द्राक्षांचे दिवस एकमेकांस लागूनच येतात. महाराष्ट्र शासनाने २०२० मध्ये कृषी पर्यटन धोरणही आणले आहे. नोंदणीची चौकशी पर्यटन संचालनालयाकडे करावी.

सुरुवात करणाऱ्याने पुढील गोष्टी सांभाळाव्यात :

• पाहुण्यांचे दिवस आधी ठरवून पाटीवर लिहावेत. छाटणी, विरळणी व काढणीच्या ऐन धांदलीत कोणासही बोलावू नये.

• फवारणी झालेल्या प्लॉटमध्ये पाहुणा नेऊ नये. औषधाचा काढणीपूर्व प्रतीक्षा कालावधी संपल्याखेरीज एक मणीही कोणाच्या हाती देऊ नये.

• फवारणीची नोंदवही पाहुण्याला दिसेल अशी ठेवावी. तो विचारणारच, विचारण्यापूर्वी दाखविलेले बरे.

• दोन-तीन जाती शेजारी शेजारी ठेवून चव द्यावी. गोडी, आंबटपणा व साल यांतील फरक समजावून सांगावा. उत्तम घड आणि वजनासाठी फुगविलेला घड यांतील फरक एकदा जिभेला कळला की गिऱ्हाईक पुन्हा विचारून घेते.

• कर्ज काढून नव्या खोल्या बांधू नयेत. आहे ती ओसरी, आहे ते झाड आणि स्वच्छ संडास यांवर पहिले दोन हंगाम काढावेत.

• एकट्याने न करता चार-पाच शेजाऱ्यांनी मिळून करावे. एकाकडे द्राक्षे, दुसऱ्याकडे हुरडा, तिसऱ्याकडे जेवण.

पहिल्या हंगामात दहा पाहुणे आले तरी पुरे. किती आले, काय विचारले, किती माल नेला आणि त्यांच्यामागे शेतीचे किती तास गेले, याची नोंद ठेवा. हंगाम संपल्यावर ती वही घेऊन बसा. बागेचे काम मागे पडले असे त्यात दिसले तर पुढील वर्षी पाहुणे कमी करा, बाग कमी करू नका.