आधी पोटावर हात ठेव

कोसबाड

चि. सोनूस,


तलासरीच्या ग्रामीण रुग्णालयात रुजू होते आहेस हे कळलं, फार बरं वाटलं. सर्पदंश, कुपोषण, अडलेली बाळंतपणं हे सगळं तिथल्या सिस्टर तुला माझ्यापेक्षा चांगलं शिकवतील. मी लिहितो आहे तो आजार तिथल्या नोंदवहीत क्वचितच दिसेल, कारण तो कुणी शोधत नाही.

पोटातली महाधमनी साधारण 2 सेंटिमीटर रुंद असते. 3 सेंटिमीटर झाली की अ‍ॅन्युरिझम म्हणायचं. भिंतीतले लवचीक धागे झिजतात, ती फुगते, आणि जितकी फुगते तितका तिच्यावरचा ताण वाढत जातो. वर्षानुवर्षं काहीच दुखत नाही. तंबाखूचा धूर हे सर्वांत मोठं कारण. मग वय, पुरुष असणं, रक्तदाब, घराणं. पोरवयापासून विडी ओढत आलेले म्हातारे तुला आपल्या पाड्यापाड्यावर भेटतील.

असा साठी ओलांडलेला माणूस ‘अचानक कंबरेत कळ आली’ म्हणत आला, तर केसपेपरवर मूतखडा लिहिण्याआधी पोटावर हात ठेव. बेंबीच्या जरा वर, दोन्ही हातांची बोटं धमनीच्या दोन बाजूंना. ठोक्यागणिक बोटं नुसती वर उचलली जातात, की एकमेकांपासून लांब ढकलली जातात? लांब ढकलली गेली तर संशय बळावतो. हाताला काही लागलं नाही म्हणून मात्र निर्धास्त होऊ नकोस. सुटलेल्या पोटात मोठा फुगवटाही हुकतो. सोनोग्राफीत तो सहसा हुकत नाही. पण सोनोग्राफीला फुगवटा दिसतो, गळती दिसेलच असं नाही. दुखणं आहे आणि फुगवटाही आहे, एवढं पुरे. पुढची खात्री करण्यात तिथे वेळ घालवू नकोस.

घाम, भोवळ आणि उतरलेलं बीपी सोबत असेल तर फुटला आहे असंच समज. अशा वेळी सलाईनच्या बाटल्यांवर बाटल्या लावायचा मोह होतो. रुग्ण शुद्धीवर असेल, बोलत असेल, तर वरचं बीपी 80-90 राहिलेलं चालतं. जोर करून चढवलंस तर जी गुठळी रक्त धरून आहे तीच सुटते. असं फुटल्यावर दहांतले आठ जण वाचत नाहीत. म्हणून मुंबईला पाठवायचं की वापी-वलसाडकडे, ही शस्त्रक्रिया कुठे होते, हे आत्ताच विचारून फोन नंबर भिंतीवर लावून ठेव. 108 यायच्या आत तिथे फोन गेला पाहिजे.

आइन्स्टाइन याच आजारानं गेले. 1948 साली रुडॉल्फ निसेन यांनी त्यांचं पोट उघडलं, तेव्हा धमनी बदलण्याची सोय नव्हती. सेलोफेन गुंडाळून ते थांबले. एप्रिल 1955 मध्ये ती फुटली. तोवर पॅरिसमध्ये चार्ल्स द्युबोस्त यांनी 1951 साली अशी धमनी बदलून दाखवली होती, पण आइन्स्टाइननी शस्त्रक्रिया नाकारली. पुढे 1990 साली ब्वेनोस आयरिसमध्ये हुआन पारोदी यांनी जांघेतून नळी घालून आतून अस्तर बसवलं. आज दोन्ही वाटा आहेत. जांघेतली वाट सोपी वाटते, पण त्यानंतर जन्मभर तपासण्या कराव्या लागतात. ज्याला तालुक्याला यायलाच रोजगार बुडवावा लागतो, त्याच्यासाठी, तब्येत सोसणारी असेल तर, पोट उघडून केलेली शस्त्रक्रिया मला जास्त भरवशाची वाटते.

पुरुषांत 5.5 सेंटिमीटर, बायकांत 5 च्या आसपास शस्त्रक्रियेचा विचार होतो. त्याआधी विडी बंद, बीपी ताब्यात, आणि मोजणी: 4 च्या आत तीन वर्षांनी, 4 ते 5 असेल तर वर्षातून एकदा, त्यापुढे तीन ते सहा महिन्यांनी.

ब्रिटनमध्ये 65 व्या वर्षी प्रत्येक पुरुषाला एका सोनोग्राफीसाठी बोलावतात. आपल्याकडे तशी मोहीम नाही. इथे कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ मुलं शाळेत येण्याची वाट पाहत बसल्या नाहीत. शाळाच अंगणात आणि गुरं चरतात त्या कुरणात नेली. तूही बीपीच्या गोळ्या न्यायला आलेल्या विडीवाल्या म्हाताऱ्याला तसाच परत पाठवू नकोस. त्याच दिवशी सोनोग्राफीला बसव.

तुझे आजोबा ‘मूतखड्यानं’ गेले असं घरात सांगतात. कंबरेत कळ, घाम, भोवळ, आणि काही तासांत सगळं संपलं. शवविच्छेदन झालं नाही, पण मला दाट संशय आहे. त्यांच्या मुलांना धोका जास्त, म्हणून मी माझी सोनोग्राफी करून घेतली. धमनी ठीक आहे. तुझ्या बाबांची राहिली आहे. त्यानं सिगारेट सोडली, पण ओढली तीस वर्षं. माझं तो ऐकत नाही. रुजू होण्याआधी तू त्याला घेऊन जा, आणि आकडा मला कळव.

तुझा,
काका