डोक्यावरून घिरट्या घालणारं डॉर्नियर काय सांगतंय?

अनगोळात विमान म्हटलं की सांबऱ्याचं आठवतं. पण आपल्यातल्या ज्यांच्या बोटी कारवार-मालवणकडे आहेत, त्यांच्या खलाशांना दुसरं एक विमान चांगलं ठाऊक आहे. पांढरं, छोटं, दोन पंख्यांचं. तटरक्षक दलाचं डॉर्नियर २२८. ते खाली आलं की काहीजण हात हलवून परत जाळ्याला लागतात. तेवढं करून भागत नाही, म्हणून हा धडा.

हे विमान मूळ जर्मनीचं. १९८१ साली पहिल्यांदा उडालं. आपल्याकडे ते कानपूरला हिंदुस्तान एरोनॉटिक्स बनवते. मॉरिशसला लष्कर नाही, पण तिथलं तटरक्षक दलही हेच कानपूरचं विमान वापरतं. पंख वरच्या अंगाला असल्याने खिडकीतून खालचं पाणी मोकळं दिसतं. इंजिनं दोन, त्यामुळे भर समुद्रात एक बंद पडलं तरी दुसऱ्यावर परतता येतं. पोटाखाली रडार असतं. मात्र लाकडी आणि फायबरची बोट रडारवर फिकी दिसते, म्हणून डोलकाठीवर पत्र्याचा रडार रिफ्लेक्टर टांगा. त्याला फार खर्च नाही ओ!

आता मुख्य गोष्ट, वायरलेसची. व्हीएचएफच्या लहरी साधारण सरळ रेषेत जातात, पाण्याच्या गोलाईआड पोचत नाहीत. दोन बोटींचे अँटेना चार-चार मीटर उंच असतील तर बोलणं १५-१६ किलोमीटरपर्यंतच. विमान हजार मीटरवर असेल तर तेच अंतर सव्वाशे किलोमीटरच्या पुढे जातं. जिथे मोबाईल मुका होतो, तिथे वादळाचा निरोप वरून येतो, आणि तो चॅनेल १६ वर येतो. गाणी ऐकायला सेट बंद ठेवणाऱ्या तांडेलाला विमान कितीही घिरट्या घालो, काही कळायचं नाही.

२०१७ च्या ओखी वादळात केरळ-तमिळनाडूच्या ६८ बोटी, ९५२ मच्छिमार घेऊन, देवगडला आसऱ्याला लागल्या. बरेच दिवस खोल पाण्यात राहणाऱ्या बोटीला किनाऱ्यावरचा इशारा वेळेत मिळणं किती अवघड असतं, ते तेव्हा सगळ्यांनी बघितलं.

उलटंही घडलंय. २४ मार्च २०१५ च्या रात्री नौदलाचं डॉर्नियर गोव्याजवळ समुद्रात कोसळलं. दोन अधिकारी गेले. त्यातल्या लेफ्टनंट किरण शेखावत या कर्तव्यावर मृत्यू आलेल्या नौदलाच्या पहिल्या महिला अधिकारी. तिसऱ्या अधिकाऱ्याला पाण्यातून काढलं ते एका मच्छिमार बोटीने. ही गोष्ट आपल्या पोरांना सांगायला हवी, असं आम्हाला वाटतं.

तर विमान खाली येऊन फिरायला लागलं, की आधी १६ नंबर लावा. बोटीचं नाव, नोंदणी क्रमांक, माणसं किती, ते सांगा. सेट बिघडला असेल तर भगवं कापड पसरून हलवा. संकटात असाल तर डॅट यंत्राचं बटण दाबा. त्याचा संदेश उपग्रहामार्फत जातो. घरच्यांनी किनाऱ्यावरून १५५४ फिरवायचा, तो तटरक्षक दलाचा नंबर.

आणि नोंदणी क्रमांक नुसता बाजूला नको, केबिनच्या छपरावरही मोठ्या अक्षरांत रंगवा. विमानातला माणूस वरूनच बघतो की! पावसाळी बंदीत बोट वर ओढली की रंगकाम निघतंच, तेव्हाच हेही उरकून घ्या.