बुरशीचे एक घराणे

भाकरी शिळी झाली, शेंगा ओल्या राहिल्या, की त्यांवर बुरा चढतो. कुणी म्हणतं, "थोडासाच बुरा आहे. पुसून टाका, काय होतंय!" पण बुरा म्हणजे धूळ नव्हे. तो जीव आहे. त्याच्यातही घराणी आहेत. त्यांपैकी एकाची आज आपण ओळख करून घेऊ.

बुरशीचे बी धुळीसारखे बारीक असते. ते वाऱ्यावर उडते. ओल मिळाली की रुजते. त्यातून तंतू फुटतात. तंतूंच्या शेंड्यांवर नवे बी धरते. हे बी कसे धरते, ते भिंगाखाली पाहून जाणकार जात ठरवतात.

आपल्या घराण्याचे नाव ॲस्परजिलेसी. त्यात दोन मोठ्या शाखा आहेत. पहिली ॲस्परजिलस. हिच्या तंतूचा शेंडा गोल फुगतो आणि त्याच्याभोवती बियांच्या माळा लागतात. इटलीतील मिकेली यांनी १७२९ साली हिला नाव दिले. दुसरी पेनिसिलियम. हिचा शेंडा कुंचल्यासारखा दिसतो.

१९२८ साली लंडनला फ्लेमिंग यांनी पाहिले, की पेनिसिलियमच्या आसपासचे रोगजंतू मरतात. त्यातून पेनिसिलिन हे औषध मिळाले. पुढे पुण्याजवळ पिंपरीच्या कारखान्यातही ते तयार झाले. म्हणून घरातला बुरा औषध समजून खाऊ नये. या शाखेतही विषारी जाती आहेत.

ॲस्परजिलसची एक पिवळसर हिरवी जात भुईमुगावर आणि मक्यावर वाढते. ती अफलाटॉक्सिन नावाचे विष करते. १९६० साली इंग्लंडात अशी पेंड खाऊन एक लाखाच्या आसपास टर्की कोंबड्या मेल्या. १९७४ साली गुजरात-राजस्थानच्या सीमेवरील खेड्यांत पावसाने भिजलेला मका लोकांनी खाल्ला. यकृत बिघडून शंभरावर माणसे दगावली.

बुरा पुसला तरी विष आत राहते. भाजून, शिजवूनही ते पुरते जात नाही. मग आपण काय करावे?

शेंगा कडक उन्हात वाळवाव्यात. हलवल्यावर दाणे खुळखुळले, की शेंग वाळली असे समजावे. पोती ओल्या जमिनीवर ठेवू नयेत, खाली फळ्या घालाव्यात. फुटके, सुरकुतलेले, बुरसलेले दाणे निवडून पुरून टाकावेत. ते गुरांनाही घालू नयेत. गाईच्या पोटात गेलेले विष दुधात उतरते, आणि ते दूध आपलीच मुले पितात.