गर्भपाताचा कायदा : भीती नको, माहिती हवी

"डॉक्टर, गर्भपात करणे म्हणजे गुन्हा ना?" लोणावळ्यातील माझ्या दवाखान्यात हा प्रश्न आजही दबक्या आवाजात विचारला जातो. कोणी नाणे मावळातून येते, कोणी पवन मावळातून. येईपर्यंत दोन-तीन आठवडे घाबरण्यातच गेलेले असतात. या बाबतीत वेळ फार मोलाची असते, म्हणून आज कायद्याविषयी थोडे लिहितो.

पहिली गल्लत होते ती दोन कायद्यांची. "येथे गर्भलिंग निदान केले जात नाही" ही पाटी वाचून अनेकांना गर्भपातच बंद झाला असे वाटते. गर्भलिंग निदानाला आळा घालणारा कायदा देशात प्रथम महाराष्ट्राने १९८८ मध्ये केला, केंद्राचा कायदा १९९४ मध्ये आला. गर्भपाताचा कायदा मात्र १९७१ चा असून तो १ एप्रिल १९७२ पासून लागू आहे. त्याचा पाया महाराष्ट्राचे आरोग्यमंत्री शांतिलाल शहा यांच्या समितीने घातला. चोरून केलेल्या गर्भपातात स्त्रिया दगावू नयेत, हा त्यामागचा हेतू.

२०२१ च्या दुरुस्तीनंतर हा कायदा थोडक्यात असा आहे :

१) वीस आठवड्यांपर्यंत एका पात्र डॉक्टरचे मत पुरते. स्त्रीच्या जिवाला किंवा शारीरिक-मानसिक आरोग्याला धोका, गर्भात गंभीर व्यंग, बलात्कार, संततिनियमनाचे साधन निकामी ठरणे, ही कारणे कायद्याला मान्य आहेत.

२) वीस ते चोवीस आठवड्यांसाठी दोन डॉक्टरांचे मत लागते. ही सवलत बलात्कारपीडित, अल्पवयीन, गरोदरपणात विधवा वा घटस्फोटित झालेली, अपंग अशा ठराविक स्त्रियांना आहे. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अविवाहितेलाही ती नाकारता येणार नाही असे सांगितले.

३) त्यानंतर गर्भात गंभीर व्यंग असल्यास, वैद्यकीय मंडळाच्या परवानगीने.

४) सज्ञान स्त्रीची स्वतःची संमती पुरते. पतीची किंवा सासूची सही कायदा मागत नाही. अठरा वर्षांखालील मुलीसाठी पालकांची लेखी संमती लागते.

५) नाव गुप्त ठेवणे बंधनकारक आहे. ते फोडणाऱ्यास एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.

आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात, हे ध्यानात ठेवावे.

आता काळजीची गोष्ट. २०१२ मध्ये परळी येथे बेकायदा गर्भपातात एका महिलेचा मृत्यू झाला. त्यानंतर राज्यात गर्भपाताच्या गोळ्यांवर कडक नजर ठेवण्यात आली आणि चौकशीचा ससेमिरा नको म्हणून अनेक औषध विक्रेत्यांनी त्या ठेवणेच सोडले. स्त्रीभ्रूणहत्येविरुद्धची कारवाई योग्यच होती. पण या गोळ्या नऊ आठवड्यांपर्यंतच द्यायच्या असतात आणि सोनोग्राफीत गर्भाचे लिंग साधारण बारा आठवड्यांच्या आधी खात्रीने कळत नाही. म्हणजे गोळ्या अडवून लिंगनिवड थांबत नाही, गरजू बाई मात्र ओळखीच्या माणसाकडून त्या चोरून आणते.

अशा गोळ्या घरी घेण्यात धोका आहे. गर्भ नळीत असेल तर गोळ्यांनी तो पडत नाही. नळी फुटून पोटात रक्तस्राव होतो व जीव जाऊ शकतो. गर्भ अर्धवट पडला तर जंतुसंसर्ग होतो. गोळ्या घेतल्यावर तासाला दोन मोठे पॅड असे सलग दोन तास भिजणे, ताप, घेरी किंवा पोटात असह्य कळा, यांपैकी काहीही झाल्यास ताबडतोब रुग्णालय गाठावे. काय घेतले ते डॉक्टरांपासून लपवू नये.

अल्पवयीन मुलींच्या बाबतीत अडचण आणखी आहे. पोक्सो कायद्याप्रमाणे डॉक्टरला पोलिसांना कळवावे लागते, म्हणून आईबाप मुलीला भोंदूकडे नेतात. मुलीने आणि पालकांनी विनंती केल्यास डॉक्टरने तिचे नाव उघड करण्याची गरज नाही, असे २०२२ च्या त्याच निकालात म्हटले आहे. हे पालकांनी जाणून घ्यावे.

उशीर किती महाग पडतो पाहा. २०२३ मध्ये दोन मुलांच्या एका आईला दिवस गेल्याचे फार उशिरा कळले. अंगावर पाजत असताना पाळी येत नसल्याने तिला शंकाच आली नाही. सव्वीस आठवडे उलटलेले असल्याने सर्वोच्च न्यायालयाने परवानगी नाकारली. भगिनींनो, अंगावर पाजतानाही दिवस जाऊ शकतात. शंका येताच लघवीची तपासणी करा.

तपासणीत दिवस गेल्याचे दिसले आणि मूल नको असेल, तर त्याच आठवड्यात सरकारी रुग्णालयात किंवा गर्भपातासाठी मान्यता असलेल्या खासगी रुग्णालयात जावे. मान्यतेचे प्रमाणपत्र पाहायला मागण्यात संकोच करू नये. तो तुमचा हक्क आहे.